डासाचा माग काढणारी पत्रे

'हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो, हे रोनाल्ड रॉस यांनी शोधून काढले.' आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत असे एक वाक्य असते. पीतज्वराबद्दलही असेच एक वाक्य लिहिता येईल : 'पीतज्वराचा प्रसार डासांमुळे होतो, हे वॉल्टर रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले.' दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण ती वाचून विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, एके दिवशी कुणी हुशार माणूस सूक्ष्मदर्शकातून पाहतो आणि उत्तर समोर येते. मधली वर्षे, चुकीचे तर्क, फसलेले प्रयोग, मित्राने काढलेली खोट, यांतले काहीच त्या एका वाक्यात मावत नाही.

हे सगळे सापडते ते त्या डॉक्टरांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांत. शोधनिबंधात शास्त्रज्ञ निष्कर्ष मांडतो. पत्रात तो शंका मांडतो. हिवताप आणि पीतज्वर या दोन रोगांवर काम करणाऱ्यांचा असा पत्रव्यवहार मोठ्या प्रमाणावर जपला गेला आहे. त्यातली काही पत्रे तर आपल्या सोलापूरवरूनच गेली. या लेखात आपण ती पत्रे कशाबद्दल होती आणि त्यांच्यामुळे नेमके काय साधले, ते पाहू.

सिकंदराबाद ते लंडन

सुरुवात हिवतापापासून करावी लागेल, कारण पीतज्वराच्या अभ्यासाला वाट त्यानेच दाखवली. १८८० साली अल्जीरियात काम करणारे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरॉन यांना हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात एक परजीवी दिसला. तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

लंडनमधील डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी या प्रश्नावर एक तर्क केला होता. ते पूर्वी चीनमध्ये अमॉय बंदरात नोकरीला असताना, हत्तीपाय रोगाचे सूक्ष्म जंत माणसाच्या रक्तातून डासात जातात आणि तेथे वाढतात, असे त्यांना १८७७ साली आढळले होते. हिवतापाचा परजीवीही डासात जात असावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८९४ साली रजेवर इंग्लंडला गेलेले भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर रोनाल्ड रॉस त्यांना भेटले. मॅन्सन यांनी त्यांना तो परजीवी दाखवला आणि आपला तर्क सांगितला. १८९५ साली रॉस भारतात परतले, सिकंदराबादला रुजू झाले, आणि तेव्हापासून १८९९ पर्यंत दोघांमध्ये शंभराहून अधिक पत्रांची देवघेव झाली. ती १९९८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत.

त्या काळी पत्र जायला किती वेळ लागे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. सिकंदराबादहून निघालेली टपालाची थैली निजामाच्या रेल्वेने वाडीला येई. वाडी ते मुंबई हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. सोलापूरला ती रेल्वे १८६० साली आली होती. म्हणजे थैली वाडीहून सोलापूर, पुणे असे करत मुंबईला पोचे आणि तेथून दर आठवड्याच्या विलायती बोटीने पुढे जाई. प्रश्न लिहून पाठवला की उत्तर हाती पडायला महिना-दीड महिना सहज लागे. तोपर्यंत प्रश्न विचारणारा हातावर हात ठेवून बसत नसे. तो पुढचे प्रयोग करी, आणि कित्येकदा उत्तर येण्याआधीच त्याचा प्रश्न बदललेला असे.

गुरूची चूक, शिष्याचे कष्ट

मॅन्सन यांचा तर्क अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक. डास एकदाच रक्त पितो, पाण्यावर जाऊन अंडी घालतो आणि तेथेच मरतो, अशी त्यांची समजूत होती. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की, मेलेल्या डासातील परजीवी पाण्यात उतरत असावा आणि ते पाणी पिणाऱ्याला हिवताप होत असावा. डास दुसऱ्यांदा चावतो आणि त्या चाव्यातूनच रोग देतो, ही शक्यता त्यांनी मनावर घेतली नाही.

रॉस यांनी गुरूचा तर्क प्रामाणिकपणे तपासला. हिवतापाच्या रुग्णाला चावलेले डास त्यांनी पाण्यात मरू दिले आणि ते पाणी काही माणसांना पाजले. सुरुवातीला एकाला थोडा ताप आला. तर्क खरा ठरला असे वाटले. पण प्रयोग पुन्हा पुन्हा केले तेव्हा तसे काही घडेना. रॉस यांनी हे पत्रांतून लंडनला कळवले. मॅन्सन यांनी धीर दिला, नव्या सूचना केल्या. रुग्णाचे रक्त काचपट्टीवर घेतले की परजीवीच्या काही पेशींतून शेपटीसारखे धागे बाहेर पडतात. त्या धाग्यांचा माग काढा, असे मॅन्सन यांचे सांगणे होते. हे धागे म्हणजे परजीवीची बीजे, असे त्यांना वाटे. पुढे १८९७ साली अमेरिकेतील मॅकॅलम यांनी पक्ष्यांच्या रक्तातील तशाच एका परजीवीवरून दाखवून दिले की, ते धागे म्हणजे नरपेशी होत. म्हणजे याही बाबतीत मॅन्सन यांचा अंदाज चुकला होता.

येथे विद्यार्थी विचारतील, 'मग अशा गुरूचा उपयोग काय?' प्रश्न रास्त आहे. मॅन्सन यांचे तपशील चुकले, तरी 'परजीवीला डासाच्या शरीरात शोधा' हा मूळ आग्रह बरोबर होता. शिवाय त्यांचे तर्क तपासता येण्याजोगे होते. पाणी पाजून पाहा, ताप येतो की नाही ते दिसेल. जो तर्क चूक ठरू शकतो, तोच पुढे नेतो. पत्रांतून दिसते ते हेच : एक जण तर्क करतो, दुसरा तपासतो, आणि 'जमले नाही' असे लिहायला कुणी लाजत नाही.

२० ऑगस्ट १८९७

रॉस यांची खरी अडचण वेगळीच होती. ते ज्या जातीचे डास चिरून पाहत होते, त्यांच्यात हिवतापाचा परजीवी वाढतच नाही. डासांच्या वर्गीकरणाची पुस्तके त्यांच्याजवळ नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच साधी नावे पाडली होती : तपकिरी डास, पट्टेरी डास. यातले पट्टेरी डास म्हणजे आजच्या एडिस गटातले. ते पुढे या लेखात पुन्हा भेटतील.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना पंखांवर ठिपके असलेले वेगळे डास मिळाले. १६ ऑगस्टला त्यांनी हे डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला चावू दिले. डासामागे एक आणा असा मोबदला ठरला होता. २० तारखेला त्यांतला एक डास चिरला, तेव्हा त्याच्या जठराच्या भित्तीत काही गोल पेशी दिसल्या आणि त्यांच्यात काळे कण होते. असेच काळे कण रुग्णाच्या रक्तातील परजीवीत असतात. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास चिरला. त्यातल्या पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या होत्या.

हा दुसरा दिवस पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पहिल्या दिवशी फक्त 'काहीतरी आहे' एवढे कळले. दुसऱ्या दिवशी 'ते वाढते आहे' हे कळले. आणि आधी चिरलेल्या शेकडो तपकिरी व पट्टेरी डासांत असे काही दिसले नव्हते, या जुन्या अपयशाचा आता पुरावा झाला. ते सारे डास आपोआप तुलनेचे नमुने ठरले.

रॉस यांनी ही बातमी मॅन्सन यांना कळवली, काचपट्ट्याही पाठवल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये निबंध प्रसिद्ध झाला. दरम्यान सरकारने रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे केली होती. तेथे हिवतापाचे रुग्ण मिळेनात. त्यांनी पत्रांतून आपला संताप व्यक्त केला. मॅन्सन यांनी लंडनमध्ये वजन खर्च केले आणि १८९८ च्या सुरुवातीला रॉस यांना कलकत्त्यात संशोधनासाठी पाठवण्यात आले. तेथे त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. त्या जुलैमध्ये त्यांना परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचलेला दिसला. असे डास निरोगी चिमण्यांना चावू दिले, तेव्हा २८ पैकी २२ चिमण्यांना लागण झाली. पाणी पिऊन हिवताप होतो, हा तर्क येथे संपला. एडिंबरो येथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत ही बातमी सांगितली ती मॅन्सन यांनी. ज्या शोधाने त्यांचा स्वतःचा तर्क खोटा पाडला, तोच त्यांनी आनंदाने जाहीर केला.

माणसाच्या हिवतापाचे संपूर्ण चक्र ठिपकेवाल्या, म्हणजे ॲनॉफिलिस, डासांत इटालियन शास्त्रज्ञांनी त्याच वर्षाच्या अखेरीस दाखवले. त्यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात मोठा वाद झाला. पुढे रॉस आणि मॅन्सन यांचेही बिनसले. शास्त्रज्ञ हीही माणसेच. पत्रे वाचणाऱ्याला त्यांचे मोठेपण दिसते तसा हेवाही दिसतो.

हवानातले कोडे

आता पीतज्वराकडे वळू. या रोगात एकाएकी ताप भरतो, अंग दुखते, काही रुग्णांना कावीळ होते, रक्ताची काळी उलटी होते आणि त्यांतले बरेच जण दगावतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातल्या बंदरांना या रोगाने जेरीस आणले होते. रुग्णाचे कपडे व अंथरूण यांतून तो पसरतो, अशी बहुतेक डॉक्टरांची खात्री होती.

क्यूबातील हवाना येथील डॉक्टर कार्लोस फिनले यांचे मत वेगळे होते. हा रोग एका ठराविक जातीचा डास पसरवतो, असे त्यांनी १८८१ सालीच मांडले. तो डास म्हणजे आज ज्याला आपण एडिस इजिप्ती म्हणतो तो. पण फिनले यांच्या प्रयोगांनी कुणाची खात्री पटेना. रुग्णाला चावलेला डास ते काही दिवसांतच निरोगी माणसाला चावू देत, आणि बहुधा काहीच होत नसे.

या कोड्याचा दुवा डासांवर काम न करणाऱ्या एका माणसाने दिला. हेन्री कार्टर हे अमेरिकेचे क्वारंटाइन अधिकारी. १८९८ साली मिसिसिपी राज्यातल्या दोन छोट्या वस्त्यांमध्ये त्यांनी घराघरांतल्या रुग्णांच्या तारखा लिहून काढल्या. घरात पहिला रुग्ण आला की दुसरा रुग्ण लगेच होत नाही. मध्ये साधारण दोन ते तीन आठवडे जातात. हे अंतर कशामुळे? रोगाचे बीज रुग्णाबाहेर कोठेतरी 'पिकायला' वेळ घेत असले पाहिजे. कार्टर पुढे हवानात नेमणुकीवर होते. आपले निरीक्षण त्यांनी तेथे आलेल्या जेसी लाझिअर या तरुण डॉक्टरपर्यंत पोचवले.

लाझिअर हे अमेरिकी लष्कराने १९०० साली क्यूबात पाठवलेल्या चार डॉक्टरांच्या मंडळाचे सदस्य होते. मंडळाचे प्रमुख वॉल्टर रीड. इतर दोघे जेम्स कॅरोल आणि अरिस्टिडिस ॲग्रामॉन्टे. फिनले यांनी मंडळाला आपल्याजवळची डासांची अंडी दिली. फिनले यांचा डास आणि कार्टर यांचे दिवस एकत्र आले की उत्तर तयार होते : डास रुग्णाला चावल्यानंतर सुमारे बारा दिवस थांबले पाहिजे, मगच तो दुसऱ्याला रोग देऊ शकतो. फिनले यांच्या प्रयोगांत नेमके हे थांबणे राहून गेले होते. परजीवीला डासात वाढायला दिवस लागतात, हे रॉस यांच्या कामामुळे आता कुणालाही अशक्य वाटत नव्हते.

'तुमची केस धरता येणार नाही'

२७ ऑगस्ट १९०० रोजी कॅरोल यांनी स्वतःला अशा एका डासाकडून चावून घेतले. तो बारा दिवसांपूर्वी रुग्णाला चावलेला होता. कॅरोल मरणाच्या दारातून परत आले. रीड त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये होते. मित्र वाचल्याचे कळताच ७ सप्टेंबरला त्यांनी आनंदाने पत्र लिहिले आणि शेवटी एकच प्रश्न विचारला : हे डासानेच केले का?

दुसऱ्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, लाझिअर यांनी आपल्या पत्नीला पत्र लिहिले. आपण खऱ्या कारणाच्या मागावर आहोत असे वाटते, पण अजून कुठे बोलू नकोस, असा त्याचा आशय आहे. काही दिवसांत लाझिअर यांना डास चावला. तो चुकून चावला की त्यांनी चावून घेतला, यावर पुढे बरीच चर्चा झाली. २५ सप्टेंबरला ते पीतज्वराने गेले. वय अवघे चौतीस.

त्याच्या आदल्या दिवशी, २४ सप्टेंबरला, रीड यांनी कॅरोल यांना लिहिलेले पत्र आम्हाला या साऱ्या पत्रव्यवहारात सर्वांत मोलाचे वाटते. रीड यांनी त्यात स्पष्ट लिहिले की, डास चावण्याआधी तुम्ही दहा दिवस छावणीतच राहिला असता तर तुमची केस निर्विवाद ठरली असती. पण तुम्ही तर जेथे रोग दुसऱ्या वाटेनेही लागू शकतो अशा ठिकाणी गेला होतात. म्हणजे ज्या मित्राने जीव पणाला लावला, त्यालाच रीड सांगत होते की, तुझ्या आजारपणाचा पुरावा म्हणून उपयोग नाही.

हे निष्ठुरपणाचे वाटेल. पण या आक्षेपातूनच पुढच्या प्रयोगांचा आराखडा तयार झाला. नोव्हेंबर १९०० मध्ये हवानाबाहेर माळावर एक छावणी उभारली गेली. तिला लाझिअर यांचे नाव दिले. छावणीत येणाऱ्यावर आधी काही दिवस देखरेख ठेवली जाई. बाहेरून रोग घेऊन तो आला नाही, याची खात्री झाल्यावरच प्रयोग होई. दोन लहान इमारती बांधल्या. एकीत रुग्णांचे घाणेरडे कपडे व अंथरुणे आणून टाकली, मात्र डास आत येणार नाहीत अशी व्यवस्था केली. तीन जणांनी तेथे वीस रात्री काढल्या; कुणालाही पीतज्वर झाला नाही. दुसरी इमारत स्वच्छ होती. तिच्या मधोमध जाळी लावली होती. एका बाजूला रुग्णाला चावलेले डास सोडले, दुसऱ्या बाजूला नाही. हवा दोन्हीकडे तीच. डासांच्या बाजूचा माणूस आजारी पडला, जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले.

तुलनेचा प्रयोग म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे. आणि हे सुचले ते एका मित्राने पत्रातून काढलेल्या उणिवेमुळे.

माणसांवरचे प्रयोग

वर्गात हे सांगताना एक प्रश्न टाळू नये. हे प्रयोग माणसांवर झाले. त्यांना विचारले होते का?

रीड यांच्या छावणीत स्वयंसेवकांशी इंग्रजी व स्पॅनिश भाषांत लेखी करार केले गेले. धोका त्यात सांगितला होता. शंभर डॉलरचे सोने आणि आजारी पडल्यास आणखी शंभर, असा मोबदला होता. संशोधनासाठी लेखी संमती घेण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक मानले जाते. पण करारावर सही करणाऱ्यांत स्पेनमधून नुकतेच आलेले गरीब मजूर होते. रिकाम्या खिशाच्या माणसाला सोने दाखवल्यावर त्याची संमती कितपत मोकळी, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. सिकंदराबादच्या हुसेन खानला तर आण्याच्या हिशेबाने पैसे मिळाले. तो आधीच आजारी होता, म्हणून डास चावल्याने त्याला नवा धोका नव्हता. ज्यांना डासांचे पाणी पाजले, त्यांना मात्र होता. शोधनिबंधात अशी माणसे 'रुग्ण' किंवा 'व्यक्ती' एवढीच उरतात. पत्रांत आणि आठवणींत कधी कधी त्यांचे नाव तरी सापडते.

पिंपे तपासणारे पथक

सिद्ध झालेल्या गोष्टीचा उपयोग विल्यम गॉर्गस या हवानाच्या आरोग्य अधिकाऱ्याने केला. सुरुवातीला त्यांचाही या शोधावर पूर्ण विश्वास नव्हता. १९०१ च्या फेब्रुवारीपासून त्यांनी शहरात पथके पाठवली. घरोघरची पाण्याची पिंपे, टाक्या, डबकी तपासायची, झाकण बसवायचे, नाहीतर तेल ओतायचे. रुग्णाला जाळीच्या खोलीत ठेवायचे. १९०० साली हवानात पीतज्वराने ३१० माणसे गेली होती. १९०१ साली १८ गेली, आणि त्या सप्टेंबरनंतर तेथे हा रोग आढळला नाही. विषाणू कसा असतो, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हते. लस यायला १९३७ साल उजाडायचे होते. तरीही पिंपाचे झाकण पुरले.

विषाणू वेगळा करण्याच्या कामात भारताचाही वाटा आहे, तो मुक्या प्राण्याच्या रूपाने. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत स्टोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांना पीतज्वराचा विषाणू वाढवता आला तो भारतातून नेलेल्या माकडांत. आपल्याकडच्या माकडाला हा रोग परका, त्यामुळे ते लगेच आजारी पडे. स्टोक्स स्वतः त्याच वर्षी याच रोगाने गेले.

भारताला पत्ता लागला नाही

पीतज्वर भारतात कधी पसरलेला नाही. पण भीती जुनी आहे. पनामा कालवा झाला की अमेरिकेतला पीतज्वर जहाजांतून आशियात येईल, असा इशारा मॅन्सन यांनी १९०३ सालीच दिला होता. भारत सरकारने त्याची दखल घेतली आणि एस. पी. जेम्स या वैद्यकीय अधिकाऱ्याला अभ्यासासाठी परदेशी पाठवले. भारताचे रक्षण कसे करावे, यावरील त्यांचा लेख १९१३ साली, म्हणजे कालवा खुला होण्याच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. आजही पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला लशीचा दाखला दाखवावा लागतो.

१९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागल्याची बातमी तेथे पोचली. माकडांचे मरण हे दक्षिण अमेरिकेत पीतज्वराचे लक्षण मानले जाते. तेव्हा पहिली शंका आली ती अर्थातच पीतज्वराची. तपास झाला आणि निघाला गोचिडांमुळे पसरणारा वेगळाच विषाणू. तोच रोग २०१५ साली गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात दिसला.

पीतज्वर आला नाही, पण तो पसरवणारा डास केव्हाचाच येथे आहे. १९७३ साली आपल्या जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. पुण्याच्या केंद्रातील डॉ. पडबिद्री व सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या पाहणीत शंभरातल्या सदतीस-अडतीस जणांना लागण झालेली आढळली. साथ पसरवणारा होता तोच एडिस इजिप्ती. डेंग्यूही तोच पसरवतो.

या डासाला स्वच्छ, साठवलेले, सावलीतले पाणी लागते. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सोलापूरकरांना वर्षानुवर्षे सवय झाली आहे. पाणी येईल तेव्हा हौद, पिंप, बॅरल, घागरी भरून ठेवल्या जातात. हवानातल्या घरांची १९०० सालची गोष्ट वेगळी नव्हती. पाणी साठवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रोज पाणी आले तर कोण साठवील? पण साठवायचेच असेल तर या डासाचे वेळापत्रक माहीत असावे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून कोरडे ठेवायचे. नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही काही महिने टिकतात. कडा घासून काढावी लागते.

वर्गासाठी एक पत्रव्यवहार

हा सगळा भाग व्याख्यान देऊन शिकवण्यापेक्षा पत्रे लिहून शिकवावा, असे आम्ही सुचवतो. आपल्या शाळेतील सातवी-आठवीचा एक वर्ग आणि दुसऱ्या गावातील, समजा पंढरपूरच्या किंवा अक्कलकोटच्या, शाळेतील तसाच वर्ग निवडावा. दोन्ही वर्गांनी साठवणीच्या पाण्यातील काही अळ्या काचेच्या बरणीत घ्याव्यात. बरणीच्या तोंडाला पातळ कापड घट्ट बांधावे. रोज ठरलेल्या वेळी पाहावे : अळ्या किती, कोष किती, पाण्याचे तापमान किती. डास बाहेर येण्यापूर्वीच, बहुतेक अळ्या कोषात गेल्या की, पाणी उन्हातल्या कोरड्या मातीवर ओतून टाकावे. ही काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी.

आठवड्याने एका वर्गाने दुसऱ्याला पोस्टाने पत्र पाठवावे. पत्रात चार गोष्टी असाव्यात : आम्ही काय पाहिले, त्यावरून आम्हाला काय वाटते, कशाबद्दल शंका आहे, आणि तुम्ही आमच्यासाठी काय तपासून पाहाल. उत्तर देणाऱ्या वर्गाने निदान एक उणीव दाखवलीच पाहिजे, आणि ती दूर कशी करता येईल तेही सुचवले पाहिजे. 'तुमची बरणी उन्हात होती, आमची सावलीत. मग फरक उन्हाचा की पाण्याचा?' असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला, तर रीड यांनी कॅरोल यांना जे लिहिले तेच तिने लिहिले, असे समजावे.

गुण देताना उत्तर बरोबर आले की नाही, एवढेच पाहू नये. चुकीचा अंदाज स्पष्ट लिहिला, दुसऱ्याच्या आक्षेपावरून प्रयोग बदलला आणि बदलल्याचे कळवले, त्याला पूर्ण गुण द्यावेत. आणि पत्रे जपून ठेवावीत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्यांतल्या चुकांचा उपयोग होईल.